वाळवंटातले सरोवर आणि त्याची मासळी

इजिप्त देशाच्या दक्षिण टोकाला आस्वान नावाचे शहर आहे. तेथे पाऊस किती पडतो? वर्षाकाठी सरासरी जेमतेम एक मिलिमीटर. आपण माण, आटपाडी, सांगोला या तालुक्यांना दुष्काळी म्हणतो, पण तेथेही वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस होतो. आस्वानला कित्येक मुलांना शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत पाऊस कसा असतो हे धड पाहायला मिळत नाही. पूर्वेला वाळवंट, पश्चिमेला वाळवंट, आणि मधून वाहणारी एकच नदी, नाईल.

अशा या भूमीत आस्वानच्या वरच्या अंगाला सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचे पाणी पसरले आहे. पुण्याहून पणजी जितकी लांब आहे, त्याहूनही हे पाणी लांब. याचे नाव नासर सरोवर. त्याचा मोठा भाग इजिप्तमध्ये आहे आणि वरचा भाग सुदान देशात. माणसाने बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांत याची गणना होते.

पाणी आले की मासे येतात. मासे आले की कोळी येतो, होडी येते, व्यापारी येतो आणि मग हिशेबही येतो. धरणाने पाणी किती दिले, वीज किती दिली, हा हिशेब सगळेच मांडतात. या लेखात आपण त्याच धरणाचा हिशेब मासळीच्या बाजूने मांडून पाहू. आपल्या गावाशेजारीही एखादे धरण असेलच, त्यामुळे हा हिशेब आपल्यालाही परका वाटणार नाही.

धरण कसे झाले

आस्वानला नाईल नदीवर जुने धरण १९०२ साली इंग्रजांच्या अमलात पुरे झाले होते. त्याची उंची पुढे दोनदा वाढवली. तरीही एका वर्षाच्या पुराचे पाणी दुसऱ्या दुष्काळी वर्षासाठी राखून ठेवण्याइतकी जागा त्यात नव्हती. म्हणून त्याच्या वर काही किलोमीटरांवर नवे उंच धरण बांधायचे ठरले. राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासर यांच्या कारकिर्दीत, सोव्हिएत रशियाच्या मदतीने, जानेवारी १९६० मध्ये काम सुरू झाले. मे १९६४ मध्ये नदीचा प्रवाह वळवला गेला आणि पाणी साठू लागले. १९७० साली बांधकाम पुरे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात नासर वारले. जानेवारी १९७१ मध्ये धरणाचे रीतसर उद्घाटन झाले आणि जलाशयाला त्यांचे नाव लागले.

हे धरण दगड, वाळू आणि मातीच्या भरावाचे आहे. उंची १११ मीटर आणि तळाशी रुंदी जवळजवळ एक किलोमीटर. म्हणजे धरण कसले, आडवा घातलेला डोंगरच. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे १६२ अब्ज घनमीटर पाणी मावते. आपल्या मापात सांगायचे तर ५,७०० टीएमसीच्या आसपास. आपले उजनी धरण काठोकाठ भरले म्हणजे ११७ टीएमसी होते. अशी जवळपास पन्नास उजनी धरणे नासर सरोवराच्या पोटात बसतील.

पण वाळवंटातले ऊन या पाण्यावर रोज आपला वाटा काढते. वर्षाला दीड पुरुषाएवढा पाण्याचा थर वाफ होऊन आकाशात जातो. १९५९ साली इजिप्त आणि सुदान यांनी नाईलच्या पाण्याची वाटणी केली, तेव्हा इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५ अब्ज आणि वाफ व गळतीपोटी दहा अब्ज घनमीटर असा हिशेब धरला होता. दहा अब्ज घनमीटर म्हणजे तीन उजनी धरणे! उन्हाचा वाटा आधी बाजूला काढून मग भावाभावांनी वाटणी करावी, तसाच हा प्रकार.

मासे काठालाच का?

एवढे मोठे पाणी पाहून कोणालाही वाटेल की मधोमध खोल पाण्यात जाळे टाकले की मासेच मासे. तसे नाही. उन्हाळ्यात या सरोवराचे वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच तरंगते. खालचे थंड, जड पाणी तळाशी पडून राहते. दोन्हींची मिसळ होत नाही. तळाला सडणाऱ्या गाळात खालच्या पाण्यातला प्राणवायू संपून जातो आणि तेथे मासा तगू शकत नाही. हिवाळ्यात वरचे पाणी थंड झाले की पुन्हा सगळे ढवळले जाते. म्हणजे वर्षातले कित्येक महिने या अथांग पाण्याचा वरचा थरच माशांच्या उपयोगाचा असतो.

मासळीची खरी जागा काठाला आहे. नाईलला दोन्ही बाजूंनी मिळणाऱ्या कोरड्या घळी आणि ओढ्यांची पात्रे धरणाच्या फुगवट्याने भरली. त्यांच्या लांबच लांब खाड्या झाल्या. तेथील लोक अशा खाडीला ‘खोर’ म्हणतात. उच्चार आपल्या ‘खोरे’ या शब्दासारखाच. अशी ऐंशीहून अधिक मोठी खोर या सरोवराला आहेत. अल्लाकी, कलाब्शा, तोश्का ही त्यांतली मोठी. या वाकड्यातिकड्या काठाची लांबी मोजली तर सरोवर भरलेले असताना ती साडेसात हजार किलोमीटरांच्या वर भरते.

खोरांतले पाणी उथळ असते. सूर्याचा प्रकाश तळापर्यंत पोचतो. दगडांवर, बुडालेल्या झुडपांवर शेवाळाचा चिकट थर चढतो. इथिओपियाच्या डोंगरांत पावसाळा झाला की पूर येतो आणि शरद ऋतूत सरोवराची पातळी चढते. काठावर उगवलेले गवत आणि झाऊची झुडपे पाण्याखाली जातात व कुजून खत होतात. त्यावर शेवाळ पोसते, शेवाळावर किडे आणि मासे पोसतात. उन्हाळ्याकडे पाणी उतरते आणि ओला काठ पुन्हा उघडा पडतो. आपल्याकडे धरणाचे पाणी उतरले की त्या ओल्या जमिनीत गाळपेर करतात. मासा नेमके उलटे करतो. पाणी चढले की तो आपली गाळपेर करायला काठावर येतो.

बुल्टी: तोंडात पिले सांभाळणारा मासा

या उथळ पाण्याचा राजा म्हणजे बुल्टी. इंग्रजीतले त्याचे नाव तिलापिया. नासर सरोवरात पकडल्या जाणाऱ्या दहा माशांतले आठ-नऊ याच कुळातले असतात. आपल्याकडे उजनीच्या काठावर, भिगवणच्या बाजारात जी चिलापी विकली जाते, ती याच घराण्यातली. तिलापिया मुळात आफ्रिका आणि त्याला लागून असलेल्या मुलखाचा मासा. भारतात तो १९५२ साली प्रथम आणला गेला आणि पुढे धरणाधरणांत पसरला.

बुल्टीच्या भरभराटीचे कारण तिच्या संसारात आहे. आपले रोहू-कटला यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. साठलेल्या तलावात ते वाढतात, पण विणत नाहीत. म्हणून दरवर्षी बाहेरून बोटुकली आणून सोडावी लागते. बुल्टीला वाहत्या पाण्याची गरज नाही. वसंत ऋतूत पाणी ऊबदार झाले की नर उथळ जागी वाळूत ताटासारखा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि नराने ती फळवली की लगेच तोंडात उचलून घेते. अंडी तोंडातच उबतात. या काळात आई जवळजवळ काहीच खात नाही. पिले बाहेर पडून पोहू लागली तरी काही दिवस आईच्या आसपासच असतात. धोका दिसला की सगळी पुन्हा तिच्या तोंडात शिरतात. कोंबडीने पिलांना पंखाखाली घ्यावे तसेच हे. बुल्टीच्या दुसऱ्या एका जातीत तर नर आणि मादी दोघेही तोंडात अंडी सांभाळतात.

प्राचीन इजिप्तच्या लोकांनी हे बारकाईने पाहिले होते. तोंडातून पिले बाहेर येतात म्हणून त्यांनी या माशाला पुनर्जन्माचे चिन्ह मानले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या थडग्यांच्या भिंतींवर कमळांबरोबर बुल्टीची चित्रे आजही पाहायला मिळतात.

पण याच संसाराला एक धोका आहे. अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, सरोवराचे पाणी उतरत असते. उतरत्या काठावरचे खळगे उघडे पडले तर पुढची वीण वाया जाते. त्यात त्याच दिवसांत कोळ्यांनी काठालाच जाळी लावली तर तोंडात अंडी असलेल्या माद्या जाळ्यात येतात. म्हणून तेथे वसंतात काही आठवडे मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पेरलेल्या रानात जनावर सोडू नये, हा नियम पाण्यालाही लागू आहे.

थोरले आणि विचित्र मासे

बुल्टीनंतर मान आहे तो नाईल पर्चचा. या भागातले कोळी त्याला सामूस म्हणतात. हा दांडगा शिकारी मासा आहे. पुरी वाढ झालेला सामूस माणसापेक्षा लांब होऊ शकतो आणि त्याचे वजन दोनशे किलोपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या माशांवर तो जगतो, आणि त्याच्या ताटात बुल्टीही असते. आस्वानच्या उत्तरेला एस्ना नावाचे गाव आहे. तेथे प्राचीन काळी या माशाची पूजा होत असे. मेलेल्या माशांना मसाला लावून, पट्ट्यांत गुंडाळून ते जपून ठेवत. त्या गावाचे जुने ग्रीक नावच या माशावरून पडले होते.

दुसरा शिकारी म्हणजे वाघमासा. त्याच्या तोंडात सुऱ्यांसारखे दात असतात. इजिप्तमध्ये त्याला ‘पाण्यातला कुत्रा’ अशा अर्थाचे नाव आहे. त्याचे मांस काटेरी, म्हणून ताजे कमी खातात. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावंडांसारख्या चंदेरी माशांना मीठ लावून, पत्र्याच्या डब्यांत दाबून काही आठवडे मुरवतात. या खारवलेल्या मासळीला ‘मलूहा’ म्हणतात. दक्षिण इजिप्तच्या घरांत भाकरीबरोबर मलूहा आवडीने खातात. आपल्याकडे कोकणातून घाटावर येणाऱ्या खाऱ्या मासळीचे जे स्थान, तेच तिचे तिकडे. बर्फ आणि वाहन नसेल तेव्हा मीठच मासळीला तारते.

याशिवाय मिशा असलेले मांगूरसारखे मासे आहेत. एक मासा विजेचा आहे. तो अंगातून साडेतीनशे व्होल्टपर्यंतचा झटका देतो. अरबी लोक त्याला ‘रआद’, म्हणजे गडगडाट, म्हणतात. आणखी एक मासा घाबरला की पोटात पाणी किंवा हवा भरून चेंडूसारखा फुगतो. त्याचे मांस विषारी असते, म्हणून कोळी त्याला जाळ्यातून काढून बाजूला टाकतात. धरणाखालच्या नाईलमधून जवळजवळ नाहीशा झालेल्या मगरींना सरोवरात मात्र नवे घर मिळाले आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. नदी वाहती होती तेव्हा जाळ्यात अनेक जातींचे मासे येत. वाहत्या पाण्यावर विणणाऱ्या जाती सरोवर भरल्यावर मागे पडल्या आणि साठलेल्या पाण्यात विणणारी बुल्टी पुढे आली. उजनीत चिलापी वाढली आणि मूळचे मासे कमी झाले, ही तक्रार आपल्याकडचे भोईही करतात. नदीचे तळे झाले की मासळीची जातही बदलते.

काठावरचा कोळी

सरोवराच्या काठी मोठी गावे फार थोडी. कोळी बहुतेक बाहेरून येतात. धरणाच्या खाली उत्तरेकडे सोहाग, किना हे नाईलकाठचे दाट वस्तीचे जिल्हे आहेत. तेथे माणसे फार आणि जमीन थोडी. तेथले तरुण आणि बाप्ये घरच्या मंडळींना मागे ठेवून महिनेच्या महिने खोरांच्या काठी दगडांच्या, झापांच्या खोपटांत राहतात. ऊसतोडीला गेलेल्या माणसासारखेच त्यांचे जिणे. शेजारी विंचू, साप आणि पाण्यात मगर.

संध्याकाळी लाकडी होडी वल्हवत जाऊन जाळी लावायची, पहाटे ओढायची, मासे निवडायचे आणि बर्फाची वाट पाहायची. मोठी वाहक बोट काही दिवसांनी खोराखोरांतून फिरत येते, मासळी बर्फात घालते आणि आस्वानच्या बंदराला नेते. बोटीला उशीर झाला की उन्हाने माल जातो. मग उरते मीठ. बोट ज्याची, बर्फ ज्याचा, त्याच्या हातात भाव. दुधाचा टँकर यायला उशीर झाला म्हणजे काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या कोळ्याची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

अनेक वर्षे येथील मासळी ठरवून दिलेल्या भावाने देण्याचे बंधन होते. बाजारात भाव जास्त आणि सरकारी भाव कमी. त्यामुळे बरीच मासळी रात्री चोरवाटेने वाळवंटातून जाऊ लागली. कागदावरचे आकडे घटत गेले, त्यात थोडी घट पाण्यातली होती आणि थोडी या चोरवाटेची.

चढ आणि उतार

आता आकडे पाहू. १९६६ साली सरोवरातून सुमारे ७५० टन मासळी निघाली. पाणी चढत गेले तशी मासळी वाढत गेली. १९८१ साली ती ३४,००० टनांवर पोचली. पंधरा वर्षांत पंचेचाळीस पट! सगळ्यांना वाटले की हे असेच वाढत राहील.

शेतकऱ्याला यातले कारण सांगायला नको. नवी मोडलेली जमीन पहिली काही वर्षे खताशिवाय पिकते. नव्या जलाशयाचेही तसेच होते. बुडालेली शेते, झाडे, गोठ्यातले शेण, कुजलेला पालापाचोळा यांचे सत्त्व पाण्यात उतरते. शेवाळ माजते, मासे माजतात. ते सत्त्व सरले की जलाशय आपल्या खऱ्या ताकदीवर येतो.

त्यातच १९७९ नंतर इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस कमी झाला. १९८४ साली त्या देशात भयंकर दुष्काळ पडला. नाईलला पाणी कमी आले. सरोवर उपसत उपसत इजिप्तने ती वर्षे काढली. जुलै १९८८ मध्ये पाणी पूर्ण पातळीपेक्षा सुमारे तीस मीटर खाली गेले. शेजारच्या देशात माणसे उपाशी मरत असताना इजिप्तची शेते हिरवी राहिली, हे या धरणाचे मोठे पुण्य मान्य केलेच पाहिजे. पण पाणी उतरले तसे खोर आटले, काठ आखडला आणि दशकाच्या अखेरीला मासळी निम्म्यावर आली. १९८८ च्या पावसाने पाणी पुन्हा चढू लागले. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर ते इतके चढले की जादा पाणी पश्चिमेच्या वाळवंटातल्या तोश्का खोलगटात सोडावे लागले. मासळी मात्र पूर्वीच्या शिखरावर परत गेली नाही. आता तेथे बोटुकली तयार करून सरोवरात सोडतात.

गाळ अडला, समुद्र उपाशी राहिला

इथपर्यंतचा हिशेब सरोवरापुरता झाला. आता धरणाच्या खाली, हजार किलोमीटरांच्या पलीकडे, नाईल जेथे भूमध्य समुद्राला मिळते तेथे जाऊ.

धरणापूर्वी दर शरद ऋतूत पुराचे गढूळ पाणी समुद्रात शिरे. त्यातल्या गाळाच्या सत्त्वाने समुद्राचे पाणी हिरवे होई. सूक्ष्म वनस्पती वाढत आणि त्या खायला तारली जातीच्या माशांचे थवेच्या थवे नदीच्या मुखाशी जमत. किनाऱ्यावरचा कोळी त्या काही आठवड्यांवर वर्षाचे पोट भरी. १९६२ साली या तारलीची पकड सुमारे १८,००० टन होती. १९६५ पासून पूर समुद्रापर्यंत पोचेनासा झाला. १९६० चे दशक संपता संपता तीच पकड पाचशे टनांच्या घरात आली. समुद्रावरच्या कोळ्याने काही गुन्हा केला नव्हता. त्याची मासळी ज्या गाळावर पोसत होती, तो गाळ हजार किलोमीटर वर अडकून पडला होता.

नाईल दरवर्षी दहा कोटी टनांहून अधिक गाळ आणत असे. हजारो वर्षे इजिप्तचा शेतकरी त्याच गाळावर पीक घेत आला. आता तो जवळजवळ सगळा सरोवरात, मुख्यतः सुदानच्या बाजूला, बसतो. बारमाही पाण्याने इजिप्तच्या रानात वर्षाला दोन-तीन पिके येऊ लागली खरी, पण गाळाच्या जागी खताची गोणी विकत घ्यावी लागली.

पुढची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून समुद्रातली मासळी पुन्हा वाढू लागली. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा असे दिसले की शेतातून वाहून गेलेले रासायनिक खत आणि शहरांचे सांडपाणी समुद्राला मिळत होते, आणि त्यावर शेवाळ पोसत होते. पूर्वी नदी जे फुकट नेत होती, ते आता शेतकऱ्याच्या पैशाने जात आहे!

ज्यांची गावे बुडाली

हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम अजून मांडायची आहे. सरोवराखाली नुबिया नावाचा मुलूख बुडाला. नदीकाठची चिंचोळी काळी पट्टी, खजुरांच्या राया, बैलांनी फिरवायचे रहाट आणि रंगीत नक्षीची मातीची घरे, असा हा नुबियन लोकांचा प्रदेश होता. जुन्या धरणाच्या वेळी आणि ते दोनदा उंच केले तेव्हा त्यांची रानं बुडाली होतीच. दर वेळी ते वर सरकून पुन्हा घर बांधत. या वेळी सरकायला जागाच उरली नाही.

१९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नुबियनांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बो भागात नेण्यात आले. सुदानमधले जवळपास तितकेच लोक शेकडो किलोमीटर दूर अत्बारा नदीच्या काठी वसवले. वादी हाल्फा हे त्यांचे शहर पाण्याखाली गेले. कोम ओम्बोला घरे एका ओळीत होती, पण नदी दूर होती आणि देऊ केलेली जमीन वेळेवर लागवडीला तयार नव्हती. पहिल्या काळात लहान मुले आणि म्हातारी माणसे बरीच दगावली. निघण्यापूर्वी लोक आपल्या मेलेल्यांच्या कबरींवर जाऊन पाणी शिंपून आले.

अबू सिंबेलची प्राचीन मंदिरे वाचवायला सारे जग धावून आले. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, उचलून उंच जागी पुन्हा जोडली. ते काम थोरच झाले. पण रहाट, राया आणि गावे कोणी उचलली नाहीत.

आणि मासळी? ज्यांच्या रानावर पाणी उभे राहिले ते नुबियन दूर गेले. ज्या खोरांत बुल्टी माजली, तेथे जाळी टाकायला दुसऱ्याच जिल्ह्यांतले भूमिहीन आले. समुद्रावरचा कोळी गरीब झाला आणि वाळवंटात दुसरा कोळी जन्मला. देशाच्या वहीत ‘इतके टन गेले, इतके टन आले’ अशी नोंद झाली. पण ज्याचे गेले आणि ज्याला मिळाले, ती घरे वेगवेगळी होती. या कोळ्यांना दोष देता येत नाही, कारण तेही पोटासाठीच आले. २०१४ च्या इजिप्तच्या राज्यघटनेत नुबियनांना त्यांच्या मूळ भागात दहा वर्षांत परत वसवण्याचे वचन लिहिले गेले. ती मुदत आता उलटून गेली आहे.

दरम्यान वरच्या अंगाला इथिओपियाने ब्लू नाईलवर स्वतःचे मोठे धरण बांधले. २०२० पासून त्यात पाणी अडवले जाऊ लागले आणि २०२५ साली त्याचे उद्घाटन झाले. पाणी आणि गाळ आता आणखी वर अडणार. नासर सरोवराच्या काठाचे आणि त्या काठावर विणणाऱ्या बुल्टीचे दिवस पुढे कसे जातील, ते त्या पाण्याच्या चढउतारावर ठरेल.

आपल्या धरणाकडे पाहताना

नासर सरोवर दूर आहे, पण त्याचे धडे जवळचे आहेत. मासळी मधल्या पाण्यात नसते, उथळ काठाला असते, म्हणून काठ जपावा. विणीच्या दिवसांत जाळे बाहेर ठेवावे. बारीक भोकांच्या जाळ्याने बोटुकली मारू नये, कारण आज पावशेराचा लोभ केला तर उद्याचा किलोचा मासा जातो. पहिल्या पाच-दहा वर्षांची भरघोस मासळी पाहून कर्ज काढून होड्या वाढवू नयेत, कारण तो नव्या जमिनीचा जोर असतो.

आणि एक प्रश्न गावाच्या बैठकीत जरूर विचारावा. आपल्या शेजारच्या तलावात मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे? ज्यांची घरे आणि रानं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या किती मुलांची होडी त्या पाण्यावर आहे? पाणी साठून चाळीस-पन्नास वर्षे झाली असली तरी हा प्रश्न जुना झालेला नाही. संस्थेची सभासदांची यादी मागवून ती एकदा चावडीवर मोठ्याने वाचली, तर उत्तर गावालाच मिळेल.